एक जूनवाले

सरकारच्या लेखी माझा जन्म एक जूनचा. आई म्हणायची, "पोळा झाला आन् दुसऱ्या दिशी तू झाला. बैलाच्या शिंगांचा रंगबी वाळला नव्हता." म्हणजे भाद्रपद लागला होता. साल कुठलं ते तिलाही धड सांगता यायचं नाही. आम्ही मेंढरांवरची माणसं. दिवाळी झाली की मेंढरं आणि बिऱ्हाड घेऊन रानोमाळ निघायचं आणि पाऊस लागला की गावाकडं वळायचं. ग्रामपंचायतीत जाऊन पोराची नोंद करायची असते हे आमच्या गल्लीत कुणाच्या ध्यानातही नसायचं.

जूनमध्ये शाळा उघडली की गुरुजी स्वतः गल्लीत यायचे. ओट्यावर बसून एकेका पोराला बोलवायचे आणि उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं. मग रजिस्टरमध्ये सहा वर्षं मागची तारीख पडायची, एक जून. माझा कान पहिल्या झटक्यात लागला. माझ्या मागं माझा भावकीतला भाऊ उभा होता, शेजारच्याच घरातला. त्याचे हात आखूड, बोटं कानापासून दोन इंच लांब राहिली. गुरुजींनी त्याचं मनगट धरून वरून ओढलं, कानाला टेकवलं आणि म्हणाले, "लागला. लिहा." आम्ही दोघं एकाच दिवशी, एकाच तारखेचे झालो.

हे एवढं सविस्तर सांगतोय, कारण यात फसवाफसवी काही नव्हती. जालना जिल्ह्यात माझ्या वयाच्या दहा माणसांना विचारा, पाच-सहा तरी एक जूनवाले निघतील. सगळ्यांना माहीत आहे, कुणी त्याचं काही वाटून घेत नाही. मी वाटून घेतलं. शिकलो, परीक्षा दिली, केंद्र सरकारात चिकटलो आणि मग मला त्या तारखेची लाज वाटायला लागली. दिल्लीच्या ऑफिसात कुणी वाढदिवस विचारला की मी हसून विषय बदलायचो. इतरांच्या जन्माच्या वेळा मिनिटासकट लिहून ठेवलेल्या, आणि आपला जन्म काय तर कानावरून ठरलेला.

पुढं माझी बदली आखातातल्या आपल्या एका सरकारी कार्यालयात झाली. काम पासपोर्टच्या अर्जांचं. गावात माझं नाव पडलं 'पासपोर्टवाला साहेब'. वर्षभरानं माझा तो भाऊही त्याच मुलखात आला, शहराबाहेर एका बड्या माणसाच्या शेतावर शेळ्या-मेंढ्या राखायला. सुट्टीच्या दिवशी भेटला की म्हणायचा, "गावातली मेंढरं इकून आल्तो गड्या, आन् हितं येऊन मेंढरंच राखून राह्यलो." आणि स्वतःच हसायचा.

त्याला एकच मुलगी. तिचं लग्न जमलं, तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यातली धरली. पासपोर्टची मुदत संपत आली होती, नवीन पुस्तक मिळाल्याशिवाय त्याला निघता येणार नव्हतं. मार्चमध्ये तो आमच्या खिडकीवर आला, धुतलेला सदरा घालून, कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. अर्ज मी माझ्या हातानं घेतला. "टाइमावर होईल ना?" म्हणाला. मी म्हणालो, "मी हाय न." त्यानंतर आठच दिवसांत मी दोन महिन्यांच्या रजेवर गावी आलो.

येताना एक काम बरोबर दिलं होतं. आमच्या कार्यालयापुढं पहाटेपासून रांग लागायची. लांबच्या छावण्यांतून कामगार यायचे, उन्हात उभे राहायचे आणि एका झेरॉक्ससाठी परत जायचे. नवीन आलेल्या वरिष्ठ मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही दोन वर्षं खिडकीवर आहात. ही गर्दी कशी हाताळायची, अर्ज कसे पुढं सरकवायचे, सगळं लिहून द्या. तुमच्या आराखड्याप्रमाणे काम करू." मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी डोकं चालवायला सांगितलं नव्हतं.

गावी अंगणातल्या लिंबाखाली पत्र्याच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून मी तो आराखडा लिहिला. रांगेला सावली, प्यायचं पाणी, टोकन. अर्जांचे तीन गठ्ठे. पहिला, कागद पुरे असलेल्यांचा, लगेच पुढं. दुसरा, एखादा कागद कमी असलेल्यांचा. त्यांना फोनवर कळवायचं, उगा हेलपाटे द्यायचे नाहीत. आणि तिसरा, शंकेचा. त्यांची चौकशी मूळ जिल्ह्यातून करून घ्यायची, तोवर पुस्तक नाही. आराखडा चांगला होता, आजही म्हणतो. ज्यानं रांगेत घाम गाळलाय त्यालाच तो सुचला असता.

भावाची बायको, आमची वहिनी, रोज ताक घेऊन यायची. पेटीजवळ थांबून स्क्रीनकडं बघायची.

"भाऊजी, काय लिवून राह्यले?"

"पासपोर्टाचंच काम, वहिनी. लोकायला जल्दी मिळावं म्हणून."

"मंग यांचंबी जल्दी येईल."

"येईल की."

गावात रेंज नाही, म्हणून आराखड्याच्या मीटिंगला मी जीपनं जाफराबादला गेलो. एका झेरॉक्सवाल्याच्या दुकानामागची खोली तासाभरासाठी मागून घेतली. पडद्यावर मॅडम, दोन तरुण अधिकारी आणि कोपऱ्यात मी, इस्त्रीचा शर्ट घालून. सावली, टोकन, पहिला गठ्ठा, दुसरा गठ्ठा, सगळं पसंत पडलं. मग मॅडमनी विचारलं, तिसऱ्या गठ्ठ्यात नेमकं काय काय टाकायचं? त्यावर एक तरुण अधिकारी म्हणाला, "मॅडम, एका भागातले अर्ज बघा. जो तो एक जूनला जन्मलेला. तिकडच्या सगळ्या बायका एकाच दिवशी बाळंत होतात की काय?" सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत जोरात मीच हसलो असेन.

मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही त्याच बाजूचे ना? काय प्रकार आहे हा?"

एवढं सोपं होतं. गुरुजी, ओटा, कान, दोन वाक्यांत सांगून झालं असतं. मॅडम समजूतदार बाई, उलट त्यांना गंमत वाटली असती. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की तुमची तारीख कोणती? आणि त्या हसणाऱ्या तिघांपुढं मला तिसऱ्या गठ्ठ्यातला माणूस व्हायचं नव्हतं. मी म्हणालो, "एजंट लोक करतात मॅडम. कागद बनवताना सोपी तारीख टाकून देतात." धडधडीत खोटं. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढं म्हणालो, "जन्मनोंद नसेल आणि तारीख एक जून असेल, तर थेट तिसऱ्या गठ्ठ्यात टाकू." मला कुणी सुचवायला सांगितलं नव्हतं.

"गुड. लिहून टाका," मॅडम म्हणाल्या. "आणि सोमवारपासून टेबलावर जे काही आहे ते सगळं या पद्धतीनं."

भाऊ तेव्हा आठवला नाही असं म्हणायची माझी लई इच्छा आहे. पण आठवला. "एजंट" हा शब्द तोंडातून निघत असतानाच आठवला, धुतलेल्या सदऱ्यासकट. मी मनात म्हटलं, त्याचा अर्ज आधीचा आहे, सोमवारच्या आत निघून जाईल. आणि 'यस मॅडम' म्हणून मोकळा झालो. येताना वडापाव खाल्ला, घरच्यांसाठी जिलेबी घेतली. काम फत्ते झाल्याचा आनंदच होता तो.

दहा-बारा दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज खाली गेलेला. "गड्या, मला मेसेज आलाय. चौकशी व्हायची म्हणत्यात. मी काय गुन्हा केला का रे?"

"न्हाई रे. तसं सगळ्यांचंच असतं. बिलकुल घाबरू नको."

"लग्नाला महिना राह्यला."

"होतंय न बाबा."

त्या दिवसापासून वहिनीचं ताक आणणं सुटलं नाही, पण तिचं बोलणं सुटलं. तांब्या ठेवायची आणि फाटकाशी थांबायची. न विचारता उभ्या राहिलेल्या माणसाला उत्तर देणं फार अवघड असतं. मीच आपण होऊन म्हणायचो, "चालू हाय काम." ती मान हलवायची आणि जायची.

मग एके दिवशी सकाळी हवालदार आले, मोटारसायकलवर, कागद घेऊन. माणूस भला होता. गावात शिकलेला सरकारी माणूस मीच, म्हणून आधी माझ्याच घरी आले. चहा घेताना त्यांनी कागद माझ्या हातात दिला. 'सदर जन्मतारीख केवळ शालेय नोंदीवर आधारित असल्याने तिची सत्यता पडताळून घेणे आवश्यक आहे.' इंग्रजीतून मराठीत आलेलं, पण वाक्य माझंच. मीटिंगनंतर लिंबाखाली बसून मी ते तीनदा घोटून घोटून नीट केलं होतं.

आम्ही दोघं शाळेत गेलो. आताचे गुरुजी तरुण आहेत, त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, फडक्यानं पुसलं आणि पान उघडलं. हवालदारांचं बोट खाली सरकत गेलं आणि एका नावावर थांबलं. माझ्या. त्याच्या खालच्या ओळीत भाऊ.

"साहेब, तुमची तारीखबी तीच की," हवालदार म्हणाले.

"अहो, हे पानच सगळं एक जूनचं हाय," गुरुजी हसत म्हणाले. "माझ्या वडलांचीबी तीच."

हवालदारही हसले. मग म्हणाले, "मंग तर सोपं झालं. साहेब, तुम्ही दोन ओळी लिहून द्या. आम्ही दोघं एकाच दिवशी शाळेत गेल्तो, तारीख रिवाजापरमानं गुरुजींनी घातली. खाली सही. तुमच्यासारख्या सरकारी माणसाची सही असली की मी आजच्या आज पाठवतो, विषय संपला."

कागद समोर होता. पेन गुरुजींनी पुढं केलं होतं. मला दिसत होतं ते एवढंच, की ती दोन ओळींची चिठ्ठी फिरत फिरत मॅडमच्या टेबलावर जाणार, आणि 'आम्ही दोघं' या शब्दांवर त्यांची नजर थांबणार. मग त्यांना ती मीटिंग आठवणार. मी म्हणालो, "मी त्याच ऑफिसात आहे. माझी सही घेतली तर उगा भानगड व्हायची."

"हां, तेबी बराबर हाय," हवालदार म्हणाले आणि कागद घडी करून खिशात घातला.

असा काही नियम नव्हता. मी तिथल्या तिथं बनवला आणि त्या भल्या माणसानं तो मानला. मग दोन पंच लागणार होते, दाखला लागणार होता, तलाठी रजेवर होते आणि मध्येच हवालदारांना कुठल्याशा बंदोबस्ताला जावं लागलं. कागद त्यांच्या खिशातून टेबलावर गेला आणि तिथंच पडला.

अजूनही एक वाट होती. मॅडमना मेल करायचा. 'मॅडम, एक जूनबद्दल मी चुकीचं सांगितलं. माझी स्वतःची जन्मतारीख तीच आहे.' झालं. मी तो लिहिला. जाफराबादला जाऊन पाठवायचं ठरवलं, जीपमध्ये बसलो आणि अर्ध्या वाटेत उतरून चालत परत आलो. दुसऱ्या दिवशी भाषा जरा सुधारली. तिसऱ्या दिवशी वाटलं, फोनवरच सांगावं. चौथ्या दिवशी रविवार होता. माणसाला टाळाटाळ करायची असली की वार, वेळ, भाषा, सगळं त्याच्या मदतीला धावून येतं. तो मेल आजही माझ्या लॅपटॉपमध्ये न पाठवलेला आहे.

आणि याचा राग कुणावर काढला, तर वहिनीवर. एका दुपारी ती फाटकाशी नुसती उभी होती. मी ओरडलो, "वहिनी, असं रोज रोज येऊन उभं राहिल्यानं पासपोर्ट लवकर येत न्हाई." ती दचकली. पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "चुकलं, भाऊजी." माझी बायको आतून बघत होती. त्या दिवशी तिनं माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः आत जाऊन जेवली. वहिनीचं ते 'चुकलं' आठवलं की मला आजही बसल्या जागेवरून उठून जावंसं वाटतं.

लग्न पुढं ढकलता येईना. मुलाकडच्यांची केदारखेड्याच्या बाजूची मोठी भावकी, पत्रिका वाटून झालेल्या, आणि नंतर तिथी लांबची. लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा वहिनी भावकीतल्या एका म्हाताऱ्याला घेऊन घरी आली. हातात पिशवी. मला वाटलं, आता सगळ्यांपुढं जाब विचारणार. खरं सांगतो, मला जरा बरंही वाटलं. निदान एकदाचं सुटेल.

म्हातारा म्हणाला, "कन्यादानाचं काय करायचं ते बोलायला आलो."

आमच्यात कन्यादानाला जोडपंच बसतं. नवरा हजर नसेल तर एकटी आई बसत नाही, दुसरं जोडपं बसवतात. भावाला सख्खा भाऊ नाही. म्हणजे त्या माणसाची मुलीच्या लग्नातली जागा तर गेलीच होती, पण त्याच्याबरोबर तिच्या आईचीही गेली होती, आणि हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिसरा गठ्ठा करताना मी एक अर्ज म्हणजे एक माणूस धरला होता.

"तुम्ही यांच्यासाठी लई पळापळ केली," वहिनी म्हणाली. "शाळेत गेले, पोलिसाला भेटले. मी उगा तुम्हाला तरास दिला. तुम्ही दोघं बसा."

मग तिनं पिशवी उघडली. कोरं धोतर, सदरा आणि फेटा. नवरा येणार म्हणून आधीच घेऊन ठेवलेला. "तुमचं आन् यांचं माप एकच हाय," ती म्हणाली. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, तिनं वहिनीला जवळ घेतलं आणि माझ्या वतीनंही हो म्हणून टाकलं. मी म्हणालो, "बरं."

लग्नाच्या दिवशी आम्ही नवरा-बायकोनं उपास धरला. मांडवात ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. फेटा दुसऱ्यानं बांधून दिला, मला बांधता आला असता तरी माझे हात तिकडं वळत नव्हते. वहिनी मागं, मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली. तिच्या हातात फोन, वर धरलेला, भावाला दिसावं म्हणून. तिच्या पोटच्या मुलीचं कन्यादान, आणि ती पाहुण्यांसारखी मागं. भटजींनी सांगितलं तसं मी मुलीचा हात नवऱ्या मुलाच्या हातात दिला. तिचे हात गार पडले होते. "काका, बाबांना दिसतंय का?" तिनं हळूच विचारलं. मी मान हलवली. बायकोनं तांब्यातून पाण्याची धार धरली आणि मी ते पाणी तिच्या हातावर सोडलं.

अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि वहिनीनं फोन माझ्या हातात दिला. "तुमच्याशी बोलायचं म्हणत्यात."

मी वाजंत्र्यापासून लांब, मांडवामागं गेलो. पडद्यावर भाऊ. शेळ्यांच्या शेडमध्ये उभा, अंगात नवा सदरा, कपाळाला कुंकवाचा टिळा. त्या वाळवंटात त्यानं कुंकू कुठून मिळवलं कोण जाणे. रडून रडून डोळे सुजले होते, पण हसत होता.

"गड्या," तो म्हणाला, "तू होता म्हणून माझी लाज राह्यली. न्हाईतर माझ्या लेकीच्या हातावर पाणी कुणी सोडलं असतं?"

तूच सोडलं असतंस. हे शब्द माझ्या ओठापर्यंत आले. तो उत्तराची वाट बघत होता, फोन कानाजवळ आणून, माझं बोलणं सुटू नये म्हणून. त्याचा आवाज अगदी स्वच्छ येत होता, मागच्या शेळ्यांचा सुद्धा.

"तुझा आवाज येईना," मी म्हणालो. "रेंज न्हाई हितं." आणि फोन बंद केला.